एकाचे दोन झाले

पांढुर्णा आणि सौसर येथील बागाईतदारास संत्र्याची प्रत डोळ्याने व हाताने कळते. परंतु त्याच फळाच्या पेशींतील न्यूक्लिओटाइडे निवडावयाची म्हटली, तर डोळा आणि हात दोन्ही थिटे पडतात.

पेशीतील रिबोन्यूक्लिइक आम्लाचे अल्कलीने विघटन केले, म्हणजे चार प्रकारची न्यूक्लिओटाइडे मिळतात. अमेरिकेतील ओक रिज येथे वाल्डो कोन यांनी ती वेगळी करण्याची रीत १९५० साली प्रसिद्ध केली. अणुभंगातील द्रव्ये निवडण्याची युद्धकालीन विद्या त्यांनी जीवद्रव्याकडे वळविली. धनभारित रेझीनच्या कणांनी भरलेल्या नळीत मिश्रण सोडावयाचे. फॉस्फेटामुळे ऋणभारित झालेली न्यूक्लिओटाइडे त्या कणांना चिकटून राहतात. मग सौम्य आम्ल सोडले, की ज्याची पकड सैल ते आधी सुटते : प्रथम सिटिडिलिक, मग ॲडेनिलिक, यूरिडिलिक आणि शेवटी ग्वानिलिक. आम्लाचे प्रमाण चुकले, की शेजारची द्रव्ये पुन्हा मिसळतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते.

या चिकाटीचे फळ अनपेक्षित होते. एकच समजले गेलेले ॲडेनिलिक आम्ल नळीतून दोन भागांत उतरले. फॉस्फेट शर्करेच्या दुसऱ्या कार्बनावर की तिसऱ्या, एवढाच काय तो दोहोंतील भेद, हे पुढे उमगले. निवड बारीक झाली, आणि जुनी समजूतच त्या चाळणीतून गळून पडली.