शिकण्याची ऐपत
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)





गुणगौरवाच्या दिवशी मुलांची पाठ थोपटावी आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. पाठ मी थोपटतोच. परंतु सदतीस वर्षे शिक्षकी केल्यामुळे एक खोड जडली आहे. बक्षीस घेणाऱ्या मुलाकडे पाहताना, हा तीन वर्षांनी कोठे असेल, असा प्रश्न मनात येतो. पहिल्या बाकावरची कितीतरी मुले मला पुढे मोबाईलच्या दुकानात किंवा विमानतळावर भेटली आहेत. ती हुशार नव्हती असे नाही, त्यांच्या घराला थांबता आले नाही.

आपण म्हणतो, पैसा नव्हता म्हणून शिकता आले नाही, आणि पैसा म्हणजे फी असे धरतो. फी ही डोळ्यांना दिसते. न दिसणारा खर्च त्याहून मोठा असतो. समजा, बारावी झालेला मुलगा महिन्याला बारा हजार मिळवू शकतो. तो तीन वर्षे कॉलेजात बसला तर घराने चार लाख बत्तीस हजारांवर पाणी सोडले. शिवाय खोलीचे भाडे, खाणावळ, एस.टी., प्रवेश परीक्षेचा क्लास हे सारे वेगळेच. ज्याच्या घरी दुकान आहे, बागायत आहे, त्या मुलाला एक वर्ष वाया गेले तरी पुन्हा परीक्षेला बसता येते. गरिबाच्या मुलाला एकच संधी असते, आणि तीही घरात कोणी आजारी पडले नाही तर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील बोटीवर खलाशी होते. १९७८ साली मी दहावी झालो तेव्हा माझा थोरला भाऊ कुवेतला होता. तो नववीतून उठला होता आणि त्याच्या मनीऑर्डरीवर मी शिकलो. मुंबईत राहायचे कोठे, हा प्रश्न गावच्या जमातीच्या डोंगरीतल्या खोलीने सोडवला. जहाजाची वाट पाहणारे खलाशी तेथे ट्रंका लावून राहत, आणि परीक्षा आली की दिव्याखालची जागा मला देत. ती खोली नसती तर मी मुंबईला गेलोच नसतो. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा अधिक गुणांनी पास झाली. पण एका घरातून दोघांना पाठवण्याची ऐपत नव्हती, म्हणून ती घरी राहिली. निवड कशी झाली हे तिने मला कधी विचारले नाही. विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात आपण शंभरात सुमारे चौदा आहोत. २०२०-२१ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत शंभर विद्यार्थ्यांत आपले पाचही भरले नाहीत. आदल्या वर्षी ही संख्या सुमारे २१ लाख होती, ती १९ लाख २१ हजारांवर आली. त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थी मात्र वाढून ४ कोटी १४ लाखांच्या घरात गेले. ते टाळेबंदीचे वर्ष होते. हातावर पोट असलेल्या घरात कमाई थांबली की पहिला घाव कशावर पडतो, ते मला तरी या आकड्यांत दिसते.

सरकारी सवलती नाहीत असे नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ आहे. बागवान, तांबोळी, मोमीन अशा आपल्या अनेक जमाती ओबीसीत आहेत, आणि जे नाहीत त्यांना आर्थिक दुर्बल गटाचा दाखला काढता येतो. पण दाखला जूनमध्ये काढायला निघालो तर तहसील कचेरीच्या रांगेतच प्रवेशाची मुदत संपते. शिष्यवृत्तीचेही तसेच, मंजूर होते पण हातात पडते उशिरा. कॉलेज मात्र पहिला हप्ता आजच मागते. बँकेचे शिक्षणकर्ज आहे, परंतु व्याजामुळे काही घरे ते घेत नाहीत. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासाठी दुसरी सोय काय, एवढे मात्र आपण सर्वांनी मिळून सांगितले पाहिजे.

येथे एक साधी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची जकात रमजानमध्ये निघते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या तोंडावर आला होता. २०२५ साली मार्चमध्ये आला. देणारे हात रिकामे झाल्यावर जुलैत मुलगा दारात उभा राहतो. म्हणून माझी संस्थेला विनंती आहे की प्रवेशाच्या दिवसांसाठी कर्जे हसनाचा वेगळा निधी ठेवावा. पहिला हप्ता निधीतून भरावा, शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने तो परत करावा. पैसा फिरत राहील, आणि मुलालाही कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

दुसरी विनंती वसतिगृहाची. १९०६ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. मुलाला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल तर नुसत्या फीमाफीने काही होत नाही, हे त्या राजाने ओळखले होते. आपण आखाती पैशातून संगमरवरी घरे बांधली. त्यांतली निम्मी वर्षातून अकरा महिने कुलूपबंद असतात. (पहिल्या रांगेतले काही जण हसत आहेत, त्यांना मी कोणाविषयी बोलतो ते कळले असावे.) अशा चार घरमालकांनी मनात आणले तर मुंबईत मुलींसाठी एक मजला भाड्याने घेता येईल. मुलींसाठी म्हणतो, कारण मुलगा कोणाच्या तरी खोलीत अंग टाकतो, मुलीला तसे पाठवता येत नाही.

अकरावीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी या दिवाळीच्या सुट्टीतच उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि जातीचा किंवा आर्थिक दुर्बल गटाचा दाखला काढायला घ्यावा. जो दाखला ठरावीक वर्षापुरताच चालतो, तो प्रवेशाआधी पुन्हा काढावा लागतो, हेही लिहून ठेवा. अर्ज भरता येत नसेल तर मी सोमवारी आणि गुरुवारी, असरनंतर, शाळेच्या ग्रंथालयात बसलेला असतो. रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला बरोबर आणा.