मठाची पंगत आणि गावचे शेत



मठाच्या वर्धापनदिनी वक्त्याने काही तत्त्वचिंतन करावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र मठाच्या कोठीघराविषयी बोलणार आहे. हे विषयांतर आहे, असे मला वाटत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील भृगूने तप करून ज्या ब्रह्मास प्रथम ओळखले, ते अन्नच होते. आणि अन्नाची निंदा न करणे, अन्न वाढविणे व दारी आलेल्यास विन्मुख न धाडणे ही व्रते त्याच ठिकाणी सांगितली आहेत.

यांपैकी शेवटचे व्रत हा मठ निष्ठेने पाळीत आला आहे. अन्न वाढविण्याच्या व्रताचा विचार आज करावा, अशी माझी विनंती आहे. ज्वारी, तूर, जवस ही आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मातीस मानवणारी पिके. तरीही पंगतीच्या धान्यापैकी पंचक्रोशीतले किती, हे कोठीत जाऊन एकदा पाहावे.

कापूस आणि संत्री यांनी या भागास नाव दिले. मी त्यांचा निंदक नाही. परंतु ज्या घराचे सारे रान नगदी पिकास गेले, त्या घराला बियाणे, खत, औषध आणि शेवटी पोटाचे धान्यही विकतच घ्यावे लागते. भाव कोसळला किंवा गारपीट झाली, की चोहोंकडून कोंडी होते. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील शंभरांपैकी सुमारे 86 जमीनधारणा 2 हेक्टरांहून लहान आहेत. अशा घराजवळ तोटा सोसण्याचे बळ ते किती असणार?

सेंद्रिय शेती ही काही आपल्याला परकी नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड हे 1924 ते 1931 या काळात इंदुरास होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून व ते उलटवून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी तेथे बसविली. ती जगभर ‘इंदूर पद्धती’ या नावाने गेली. येथील शेतकऱ्यांना आपण गुरू मानले, हे हॉवर्ड यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या द्वारे जो. कॉ. कुमारप्पा यांनी घाणीचे तेल आणि हातसडीचा तांदूळ यांची बाजू अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल 2020 ची पद्मश्री मिळाली.

मात्र एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. रासायनिक खत थांबविले, की पहिली काही वर्षे उत्पन्न बहुधा घटते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हा संक्रमणकाळ हंगामी पिकांना 2 वर्षे आणि संत्र्यासारख्या फळबागांना 3 वर्षे धरला आहे. तोवर पीक कमी येते आणि सेंद्रिय म्हणून भावही मिळत नाही. ही झीज कोणी सोसावी, हाच खरा प्रश्न आहे. ती शेतकऱ्यावर टाकून त्यालाच उपदेश करणे मठास शोभणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पेरणीपूर्वीच मठाने जवळच्या पाच लहान शेतकऱ्यांना बोलवावे. ज्वारी, तूर व जवस यांचा रास्त भाव ठरवावा. काही रक्कम आगाऊ द्यावी. आणि पीक उणे आले तरी शब्द मोडू नये. या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेताची पाहणी करावी; शासनाच्या सहभागी हमी पद्धतीतही हीच रीत आहे. आपण गृहस्थांनीही वर्षाचे धान्य असेच भरावे.

यामुळे खर्च वाढेल, हे मी जाणतो. पंगतीत एखादे पक्वान्न कमी झाले, तर कोणी रागावणार नाही. परंतु वाढणाऱ्याला भाकरीची ज्वारी कोणाच्या शेतातली हे सांगता आले, आणि तो शेतकरी सहकुटुंब त्याच पंगतीत बसलेला असला, तर अन्नदानाचे पुण्य दोन्हीकडे पोचेल.