पुसणे : एक शब्द, दोन घराणी



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो शब्द निवडला आहे तो इतका घरगुती आहे की, त्यावर व्याख्यान कसले द्यायचे, असे कोणालाही वाटावे. तो शब्द म्हणजे 'पुसणे'. मुले पाटी पुसतात. घरात रोज लादी पुसली जाते. जेवण झाले की आपण हात पुसतो, आणि रडणाऱ्याचे डोळे पुसतो. अक्षर फिके झाले की ते पुसट होते. दारातले पायपुसणे तर आपण जाता-येता तुडवतो. व्यवहारात कोणी हातोहात फसवले, तर 'त्याने आमच्या तोंडाला पाने पुसली' असे म्हणून मोकळे होतो. जे आहे ते नाहीसे करणे, हा या साऱ्या प्रयोगांचा साधारण अर्थ होय.

परंतु याच शब्दाचे दुसरेही एक रूप आपल्या परिचयाचे आहे. आजाऱ्याची आपण विचारपूस करतो. 'पैसा गेला की माणसाला कोण पुसतो?' असे म्हणताना कोणाच्या हाती फडके नसते. जुन्या पोथ्यांतून शिष्य गुरूला पुसतो, राजा ऋषीला पुसतो, वाटसरू वाट पुसतो. शहरी बोलण्यातून हा प्रयोग मागे पडून त्याची जागा 'विचारणे' या शब्दाने घेतली. खेड्यापाड्यांत तो अजून कानी पडतो. तेव्हा प्रश्न असा की, 'नाहीसे करणे' आणि 'विचारणे' हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे?

एखादा कल्पक मनुष्य याचे उत्तर चटकन देईल. तो म्हणेल, आरशावरची धूळ पुसली की रूप दिसते, तसे प्रश्न विचारला की सत्य दिसते. म्हणून दोहोंना एकच शब्द. कल्पना मनोहर आहे, पण ती खरी नाही. हे दोन अर्थ एका शब्दाचे नव्हेत. हे दोन निराळे शब्द आहेत. त्यांची घराणी वेगळी आहेत. मराठीच्या वाड्यात येऊन ते एका नावाने राहू लागले, एवढेच.

विचारण्याच्या 'पुसणे'चे मूळ संस्कृत 'पृच्छ्'मध्ये आहे. 'पृच्छति'चे प्राकृतात 'पुच्छइ' झाले आणि मराठीत 'पुसे' झाले. हे घराणे फार मोठे आहे. फारसीतले 'पुर्सीदन', म्हणजे विचारणे, हे त्याचेच भावंड. जर्मन भाषेतले 'फ्रागेन' हेही त्याच कुळातले.

स्वच्छ करण्याच्या 'पुसणे'चे मूळ 'प्रोञ्छ्', म्हणजे 'प्र' अधिक 'उञ्छ्', हे आहे. त्याची प्राकृतात 'पुंछइ', 'पुंसइ', 'पुसइ' अशी रूपे मिळतात. यातले 'उञ्छ' आपल्याला अगदीच अपरिचित नाही. शेतातून पीक काढून नेल्यावर मागे पडलेले दाणे वेचणे म्हणजे उञ्छ. महाभारतात अशा उञ्छवृत्तीने राहणाऱ्या एका ब्राह्मणाची कथा आहे. त्याने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाच्या पुण्याईने एका मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. पुढे युधिष्ठिराच्या अश्वमेधातही उरलेले अर्धे अंग सोन्याचे होईना. त्या दाणे वेचण्याच्या धातूला 'प्र' लागला आणि त्याचा अर्थ पुसून घेणे असा झाला.

आता ही दोन घराणी एकत्र कशी आली? याला कारण मराठीचा एक उच्चारनियम. प्राकृतातला 'छ' मराठीत पुष्कळ ठिकाणी 'स' होतो. हिंदीशी ताडून पाहिले म्हणजे हे ताबडतोब ध्यानात येते. हिंदीत मछली, आपल्याकडे मासा. हिंदीत कछुआ, आपल्याकडे कासव. हिंदीत छुरी, आपल्याकडे सुरी. त्याच नियमाने हिंदीत 'पूछना' आणि 'पोंछना' हे दोन शब्द वेगळे राहिले, आणि मराठीत दोघेही 'पुसणे' झाले. मराठीतल्या अशा ध्वनिपरिवर्तनांचा शास्त्रशुद्ध अभ्यास फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात केला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले आहे.

याने घोटाळा होत नाही काय, असे कोणी पुसेल. सहसा होत नाही. 'पाटी पुसली' आणि 'वाट पुसली' यांत गफलत करणारा मराठी माणूस आम्ही पाहिलेला नाही. शेजारचा शब्दच अर्थ सांगतो.

येथे 'पुसणे'च्या जोडीचा आणखी एक शब्द पाहिला पाहिजे. तो म्हणजे 'खोडणे'. आपण पाटी पुसतो, पण वहीतली चूक खोडतो. पुसल्यावर मागे काही राहत नाही. खोडल्यावर आडवी रेघ राहते आणि रेघेखालचे अक्षर वाचता येते. जमाखर्चाच्या वहीत आकडा चुकला, तर तो खरवडून काढू नये, रेघ मारून खोडावा, शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि सही करावी, अशी चांगल्या कारकुनाची शिस्त असते. दस्तऐवजात खाडाखोड झाली, तर तेथेही लिहून देणाराची सही घेतात. का? कारण पूर्वी काय होते हे पुढे कोणी पुसले, तर सांगता आले पाहिजे. खोडणारा उत्तराची सोय ठेवतो. पुसणारा प्रश्नच शिल्लक ठेवत नाही.

हे केवळ वहीपुरते असते तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. परंतु मराठीत 'कुंकू पुसणे' असाही एक प्रयोग आहे, आणि तो उच्चारताना कोणालाही बरे वाटत नाही. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचे, हे शतकानुशतके चालत आले. ते करताना तिला कोणी पुसले काय? एक 'पुसणे' झाले. दुसरे राहूनच गेले. पुढेही तिला समारंभात कोणी पुसत नसे, म्हणजे कोणी बोलावीत नसे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. तरीही कपाळावरचा तो हात थांबला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. कर्व्यांच्या विवाहानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका गावाला असा ठराव करावा लागला, यावरून हे 'पुसणे' किती खोल रुजले होते याची कल्पना यावी. ठरावाने सारे संपले असे नव्हे. पण निदान एका गावाने स्वतःला एक प्रश्न पुसला.

श्रोतेहो, शब्दांच्या व्युत्पत्तीने समाज सुधारतो असे आमचे म्हणणे नाही. दोन धातू एका रूपात आले, हा ध्वनिनियमांचा परिणाम. त्यात कोणाचा हेतू नव्हता. तरी भाषेने सहजगत्या शेजारी बसवलेल्या या दोन कृती आपण वागण्यात दूर दूर ठेवतो, एवढे ध्यानी घ्यावे. गावाचे जुने नाव बदलायचे असो, भिंतीवरचा जुना लेख साफ करायचा असो, मतदारयादीतले एखादे नाव कमी करायचे असो किंवा कोणाच्या कपाळावरचे कुंकू असो, फडके हाती घेण्यापूर्वी ज्याचे ते आहे त्याला विचारायला दोन शब्द लागतात. आपल्या भाषेत तर एकच पुरतो.

पुसण्याआधी पुसावे, एवढेच आम्हांला सांगायचे होते.