पाण्यातला चेंडू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून मागच्या रांगेत जी कुजबुज झाली ती माझ्या कानी आली. वॉटर पोलो म्हणजे घोडे पाण्यात घालतात की काय, असे कोणी विचारले. घोडे नाहीत हो! सात-सात मुली, दोन गोल आणि एक चेंडू. चेंडू एकाच हाताने धरायचा. दोन्ही हातांची मुभा फक्त गोल राखणारीला. तळाला पाय टेकायचा नाही. आठ-आठ मिनिटांचे चार डाव होतात, आणि तेवढा वेळ खेळाडू पाण्यात जणू उभी असते. कशी? ताकातली रवी आठवा. गुडघ्यापासून दोन्ही पाय आळीपाळीने उलटसुलट घुसळीत राहायचे, म्हणजे छातीपर्यंतचे अंग वर निघते. इंग्रजीत या चालीला अंडी फेटण्याच्या यंत्राचे नाव आहे. आमच्या घरी अंडे चालत नाही, तेव्हा मी रवीच म्हणते.

पुरुषांचा हा खेळ ऑलिंपिकमध्ये १९०० साली आला. बायकांचा आला २००० साली, सिडनीला. मध्ये शंभर वर्षे गेली! त्या पहिल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलिया व अमेरिका ३-३ अशा बरोबरीत होत्या. सव्वा-दीड सेकंद उरला असताना इव्हेट हिगिन्सने चेंडू मारला आणि ऑस्ट्रेलिया जिंकली. पोळी उलटायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पण मला सांगायचे आहे ते मॅगी स्टेफन्सबद्दल. ही अमेरिकेची. वडील पोर्टो रिकोचे, तेही याच खेळातले. थोरली बहीण जेसिका २००८ साली बीजिंगला रौप्यपदक घेऊन आली, आणि २०१२ साली लंडनला दोघी बहिणी एकाच संघात होत्या. मॅगी तेव्हा एकोणीस वर्षांची. हंगेरीविरुद्ध पहिल्याच सामन्यात तिने सात गोल केले आणि अंतिम सामन्यात स्पेनवर पाच. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकली, संघाची कर्णधार झाली. २०१६ला रिओत सुवर्ण. २०२१ साली टोकियोत पहिल्याच सामन्यात नाकाचे हाड मोडले; तरी खेळत राहिली आणि तिसरे सुवर्ण घेतले. २०२४ साली पॅरिसला मात्र कांस्यपदकाच्या सामन्यात नेदरलँड्सकडून ११-१० अशी हार झाली. एका गोलाने!

आता ऐका. त्याच वर्षी पॅरिसला जाण्याआधी या मॅगीने जाहीर लिहिले की, आमच्या मुली दुसरी-तिसरी नोकरी करून हा खेळ खेळतात, कोणी पाठबळ द्या. तेव्हा फ्लेवर फ्लेव नावाचा एक गवई पुढे आला आणि त्याने संघाला मदत देऊ केली. सुवर्णपदके घरात असून ही स्थिती. आमच्या लालबागच्या मुलीला पैशांची अडचण येते यात मग नवल ते काय?

आपल्याकडे पाणी नवे नाही. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत भारताच्या पुरुषांनी या खेळाचे सुवर्ण मिळवले. सचिन नाग त्या संघात होते. १९५२ साली हेलसिंकीला मुंबईच्या डॉली नाझीर आणि कलकत्त्याची अवघी अकरा वर्षांची आरती साहा पोहायला गेल्या. हीच आरती १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेली. आणि २०१० साली ग्वांगझू येथे बायकांचा वॉटर पोलो आशियाई सामन्यांत प्रथम आला, तेव्हा आपल्या मुलींचा संघ तिथे होता. चार संघांत चौथा आला. मी त्याला शेवटचा म्हणत नाही. बाकीचे देश आलेच नव्हते.

हे सारे आज का सांगते? आपल्या गल्लीतल्या दोन मुली शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर जातात. चांगल्या पोहतात आणि या खेळाची त्यांना गोडी लागली आहे. एक यंदा दहावीला गेली, तेव्हा घरून निघाले की, आता पुरे. दुसरीच्या आजीबाईंना वाटते, पोहणे ठीक, पण पाण्याखाली ही ओढाताण मुलींना शोभत नाही. खेळात ओढाताण आहे, हे मी नाकारीत नाही. पण पंच असतो, आणि दांडगाई करणारीला काही सेकंद बाहेर बसवतात. आपल्या नळावर तेवढीही सोय नव्हती!

दहावीचे म्हणाल तर त्या मुलीचा अभ्यास मी स्वतः पाहते. तिला गणित जड जाते. ते पाण्याने नव्हे, ते तिला सातवीतही जड जात होते. खरी अडचण निराळीच आहे. पहाटेच्या अंधारात मुलीला एकटी पाठवायला आईचा जीव धजत नाही, आणि आईला साडेसहाला डबा भरायचा असतो. ही अडचण आपण दहाजणी मिळून सोडवू शकतो. मी एक वही आणली आहे. मुलींबरोबर तलावावर कोणी कोणत्या वारी जायचे, ते तीत लिहायचे आहे. सोमवार माझा. गुरुवार आपल्या चिटणीसबाईंनी घेतला. बाकीचे वार रिकामे आहेत. चहा होईपर्यंत वही दाराशी ठेवते.