तूट मीटरची, वसुली कामगाराची
(जबलपूर येथील कामगार सभेत केलेले भाषण)



एका डिझेल डेपोतले प्रकरण आज आम्ही तुमच्यापुढे मांडत आहोत. इंजिनांना तेल देणाऱ्या आपल्या एका साथीला एसएफ-११ मिळाला. आरोप काय, तर डिप घेतला तेव्हा टाकीतला साठा वहीपेक्षा कमी भरला. पगारातून वसुली सुरू झाली. साहेबांचे म्हणणे एकच, "मीटर खोटे बोलत नाही."

म्हणून आम्ही मीटरपासूनच सुरुवात केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण मीटर उघडून पाहिला तर त्यात न समजण्यासारखे काही नाही. आत रोटर फिरतात. एका फेऱ्याला ठरावीक तेल पुढे जाते. रोटर आणि बाहेरचे कवच यांच्यात बारीक फट असते, तिच्यातून थोडे तेल न मोजताच निसटते. एकाच दिवशी, एकाच मशीनवर घडलेल्या दोन मीटरांची ही फट तंतोतंत सारखी नसते. यात कारखान्याची लबाडी नाही, धातू कापताना तेवढा फरक राहतोच. म्हणूनच चांगला कारखाना प्रत्येक मीटरमधून मापाच्या टाकीत तेल सोडून पाहतो आणि त्या मीटरचा स्वतःचा फॅक्टर काढून दाखल्यावर लिहून देतो. पुढे रोटर झिजतात, फट वाढते, फॅक्टर पुन्हा काढावा लागतो.

आमच्या प्रकरणात मीटर बदलला होता. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, म्हणून काउंटरमध्ये फॅक्टर जुनाच ठेवला! समजा, जुना मीटर लिटरला १०० पल्स देत होता आणि नवा साडेनव्व्याण्णव देतो. मग इंजिनात ५,००० लिटर गेले तरी आकडा ४,९७५ चाच दिसणार. २५ लिटर इंजिनात आहेत, वहीत नाहीत. दिवसाला दहा इंजिने धरा आणि महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

त्यात आमचा जबलपूरचा मे महिना. दहा हजार लिटर डिझेल एका अंशाला सुमारे आठ लिटर फुगते किंवा आकसते. तापलेला टँकर मोजून घ्यायचा आणि जमिनीखाली तेल निवल्यावर डिप घ्यायचा, तर तूट दिसणारच.

पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या मापामागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. पंपाला सूट आहे, कामगाराला नाही. टपालातल्या साथींनीही काउंटरवरच्या काट्याचा पडताळणीचा शिक्का कोणत्या वर्षाचा आहे, ते एकदा वाकून पाहावे. वैध मापनशास्त्र कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. मीटरबद्दल वाद असेल तर केरळात पालक्काड येथे केंद्र सरकारची संस्था १९८७ पासून याच कामासाठी आहे.

आम्ही चौकशीत तीन कागद मागितले: मीटर बदलल्याची नोंद, नव्या मीटरचा चाचणी दाखला आणि डिपच्या वेळचे तापमान. नोंद मिळाली. दाखला कपाटात न फोडलेल्या पाकिटात सापडला. तापमान कोणी कधी लिहिलेच नव्हते. वसुली थांबली आहे. कापलेले दोन हप्ते मात्र अजून परत आलेले नाहीत. त्यासाठी सोमवारी ड्युटी सुटल्यावर आम्ही कार्यालयावर जाणार आहोत, तुम्हीही या.