दैवाचा भाग आणि आपला भाग

(कार्यकर्ते व हितचिंतक परिवारांसमोर अहिल्यानगर येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



एकाच्या वाट्याला सारे काही जन्मतःच यावे आणि दुसऱ्याचे अवघे आयुष्य भाकरीची सोय लावण्यात सरावे, असे का होते? हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपला जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अशा या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यातील घाटघर आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. पाथर्डी, जामखेड, कर्जत हा भाग पर्जन्यछायेतला. तेथे ५००-६०० मिलिमीटरचाही भरवसा नाही. याला दैव म्हणावयाचे असेल तर म्हणू या. ढगांवर कोणाची सत्ता चालत नाही.

परंतु थोडे पुढे जाऊन पाहा. ज्या अकोले तालुक्यात एवढा पाऊस पडतो, तेथील वाड्यापाड्यांवरच्या आपल्या वनवासी भगिनी एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. आणि ज्या राहाता-श्रीरामपूर परिसरात पाऊस बेताचाच, तेथे उसाचे मळे डोलतात. म्हणजे सुबत्ता पावसाच्या मागे गेली नाही, ती पाटाच्या मागे गेली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली आले. त्याच प्रवरेवरील निळवंडे प्रकल्पाला १९७० साली मान्यता मिळाली. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला. तोवर लाभक्षेत्रातील गावांच्या दोन पिढ्या वाट पाहण्यात गेल्या. पाऊस निसर्गाने दिला; पाट कोठे आणि केव्हा न्यायचा, हे मात्र माणसांनी ठरविले.

या पाण्यावर या जिल्ह्याने मोठा पराक्रम केला, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि शेतकरी कारखान्याचा मालक झाला. हा सहकाराचा गौरवशाली अध्याय आहे. पण या अध्यायाचे एक पान आपण सहसा उलटत नाही. तो ऊस तोडतो कोण?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेड, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हिशेबात दोन माणसांचे नाव एका हत्याराने घेतले जाते, यातच सारे आले. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती हंगामात फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. फडाजवळ कोपी उभी राहते. पहाटेच्या थंडीत तोड सुरू होते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून भरायच्या, आणि ट्रक मध्यरात्री आला तरी उठायचे. आजारी पडून एक दिवस बसले, तर खाडा कापला जातो. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस ज्याच्या गावी पाणी नाही तो तोडतो, आणि त्याची साखर आपल्या चहात विरघळते. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९ साली शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा परवडत नाही म्हणून देहाचा अवयव काढून टाकावा असे एखाद्या मातेला वाटावे, ही गोष्ट मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाला अस्वस्थ करणारी आहे.

आता या घरातील लेकराकडे पाहा. जूनमध्ये शाळेत जाते, दिवाळीनंतर पटावर नाव राहते आणि मूल फडात असते. धाकट्या भावंडाला सांभाळते, जनावरांपुढे वाढे टाकते. एप्रिलमध्ये परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. याच वयाचे आपले मूल शाळा, शिकवणी आणि छंदवर्ग यांतून पुढे जाते. काही वर्षांनी दोघे एकाच परीक्षेला बसतात आणि आपण गुणवत्तेवर भाषण करतो! आपल्या मुलाचे श्रम खोटे नाहीत. पण त्याची शर्यत कोठून सुरू झाली, हे त्याला घरात कोणीतरी सांगितले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, ज्याचे त्याचे प्रारब्ध. मित्रहो, कर्मसिद्धान्ताचा एवढा विपर्यास दुसरा नसेल. हा सिद्धान्त मनुष्याला स्वतःच्या आचरणाचे उत्तरदायित्व शिकविण्यासाठी आहे. तो स्वतःला लावला, तर पुरुषार्थ जागा होतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला, की निष्ठुरपणा सुरू होतो. भुकेल्याचे दुःख हे त्याचे प्रारब्ध असेलही. पण त्याच्यासमोर उभे राहून आपण काय करतो, ते आपले कर्म आहे.

याच जिल्ह्यात, नेवासे येथे, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना समाजाने वाळीत टाकले, त्यांतील एकाने ग्रंथाच्या शेवटी मागितले ते साऱ्या जगासाठी. प्रारब्धाचे कारण देऊन ज्ञानेश्वर माउलींनी कोणालाही दूर ठेवले नाही. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक पू. बाळासाहेब देवरस यांनीही, अस्पृश्यता चुकीची नसेल तर जगात काहीच चुकीचे नाही, अशा निःसंदिग्ध आशयाचे प्रतिपादन केले. जुने आहे म्हणून अन्यायाला धर्माचा आधार देता येत नाही, हा त्याचा अर्थ. तो केवळ स्पृश्यास्पृश्यतेपुरता मर्यादित नाही.

आणि ज्यांचे नाव २०२४ साली या जिल्ह्याला मिळाले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी! ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी येथे, म्हणजे याच कोरड्या भागात, धनगर समाजात त्यांचा जन्म झाला. दैवाने त्यांना सिंहासन दिले आणि घर रिकामे केले. १७५४ मध्ये पती, १७६६ मध्ये सासरे, १७६७ मध्ये पुत्र गेला. जीवन अन्यायी आहे असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला? त्यांनी ती तक्रार केली नाही. सत्ता ही विश्वस्ताची ठेव मानून त्यांनी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, महेश्वरला विणकरांना वसविले. वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांकडे त्यांनी केवळ गुन्हेगार म्हणून पाहिले नाही. वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून त्याबद्दल वाटसरूंकडून ठरावीक कर घेण्याचा हक्क त्यांना दिला. दान दिले असते तर उपकार झाला असता. त्यांनी हक्क दिला, म्हणून तो न्याय झाला.

वर्गावर्गांत वैर पेटवून हा प्रश्न सुटेल, असे आपण मानत नाही. पण म्हणूनच आपले दायित्व अधिक आहे. ज्या समरसतेत मजुराचा हिशेब चोख होत नाही, ती समरसता केवळ गोड शब्द ठरेल. समाज ठरवील तर काय होते, हे याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखविले. तेथे पाऊस वाढला नाही. ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके नाकारली. ज्याच्याकडे अधिक होते त्याने आपला हात आखडता घेतला, म्हणून सर्वांच्या विहिरींना पाणी आले. आणि बाहेर गेलेली कुटुंबे गावी परतली.

आपल्याला काय करता येईल? येथे बसलेल्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, कारखान्यांचे सभासद आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मूल वर्षाच्या मध्यात आले तरी त्याला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. कोप्या पडल्या की आठवड्याच्या आत ती मुले जवळच्या शाळेच्या पटावर यावीत. रेशनचे धान्य आता दुसऱ्या गावीही मिळू शकते. ते मिळते का, हे कोणी विचारावे. गर्भवतींची तपासणी, बालकांचे लसीकरण फडावर व्हावे. उचल आणि तोडीचा लेखी हिशेब मजुराच्या हाती पडावा, असा आग्रह सभासदांनी सर्वसाधारण सभेत धरावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली जाहीर केली. आपल्या तालुक्यात तिची स्थिती काय, याची चौकशी करावी. १९७२ च्या दुष्काळातून जनकल्याण समितीचे कार्य उभे राहिले. ज्यांनी तेव्हा पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी धाव घेतली, ते आपल्यासारखेच सामान्य स्वयंसेवक होते.

बंधू-भगिनींनो, जन्म कोठे व्हावा हे कोणाच्याच हाती नाही. आपण पाटाच्या कडेला जन्मलो, हे आपले कर्तृत्व नव्हे. दैवाचा भाग तेथे संपतो. त्यापुढचा भाग आपला आहे, आणि गळीत हंगाम सुरू व्हायला आता फार दिवस उरलेले नाहीत.

भारत माता की जय!