खेळ आपला, अवजार कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यांवर स्मित उमटले. संगणकावरील खेळांचा आणि अभ्यासवर्गाचा मेळ कसा बसावा, अशी शंका त्यांना आली असेल. परंतु खेळ रचणे हे आज जगभरातील असंख्य तरुणांचे उपजीविकेचे श्रम आहेत. आणि श्रम म्हटले की अवजाराच्या मालकीचा प्रश्न येतोच.

आधी वस्तुस्थिती पाहू. खेळ रचणारा सारे काही मुळापासून लिहीत नाही. पडद्यावर चित्र उमटविणे, ध्वनी वाजविणे, दाबलेल्या कळीची दखल घेणे ही नित्याची कामे करणारा तयार साधनसंच तो वापरतो. या व्यवसायात त्याला सामान्यतः इंजिन म्हणतात. घरोघरचे संगणक बहुतांशी विंडोजवर चालणारे, म्हणून अनेक इंजिने विंडोजच्याच आधाराने वाढली. दुसरीकडे, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली आहे; ती कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. विंडोजच्या साधनाने घडविलेला खेळ लिनक्सवर प्रकाशित करू पाहणारा या दोन जगांच्या सीमेवर उभा असतो. तेथे काय घडते, हे एका उदाहरणावरून पाहू.

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सएनए नावाचा साधनसंच दिला. तो फुकट होता. मुक्त मात्र नव्हता. एकट्यादुकट्या कारागिरांनी तो आनंदाने उचलला. २०११ मधील 'टेरारिया' हा खेळ त्याच्यावरच उभा राहिला. अमेरिकेतील एरिक बॅरोन याने आजोबांच्या ओसाड शेतीला पुन्हा जीव देण्याचा 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ याच साधनाने रचावयास घेतला. आज्ञावली, चित्रे, संगीत, सारे एकट्याने. काम अर्ध्यावर असताना, २०१३ च्या जानेवारीत, एक्सएनएची नवी आवृत्ती निघणार नाही हे कंपनीकडून स्पष्ट झाले. ज्यांची वर्षे त्या साधनात गुंतली होती त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे बंधनही कंपनीवर नव्हते.

तरीही ते श्रम वाया गेले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेतील आज्ञावली लिनक्सवर चालविण्याची सोय मोनो या मुक्त प्रकल्पाने आधीच केली होती. त्याच पायावर मोनोगेम आणि पुढे इथन ली याचा एफएनए हे साधनसंच उभे राहिले. त्यांची युक्ती साधी, पण कष्टाची होती. एक्सएनएमधील प्रत्येक आज्ञेचे नाव आणि वागणूक तीच ठेवायची, परंतु आतील यंत्रणा सर्वांना खुल्या असलेल्या साहित्यातून नव्याने घडवायची. खेळाला वाटावे की जुनाच मालक हुकूम झेलतो आहे. प्रत्यक्षात घर दुसऱ्याचे, आणि दारे सर्वांना उघडी.

वाटेत अडथळे पुष्कळ. लिनक्स फाइलींच्या नावांतील रोमन मोठी व लहान अक्षरे वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. एका अक्षराच्या हलगर्जीपणाने चित्र सापडत नाही आणि खेळ कोसळतो. विंडोजसाठी बांधलेल्या रंगछटांच्या आज्ञा भाषांतरित कराव्या लागतात. बंदिस्त स्वरूपातील चित्रफिती व ध्वनी पुन्हा उलगडावे लागतात. 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ च्या फेब्रुवारीत विंडोजवर आला, जुलैत लिनक्सवर. आणि २०२१ मध्ये त्याची विंडोज आवृत्तीही मोनोगेमवर नेण्यात आली. मालकाने सोडलेले घर शेवटी मुक्त साधनानेच सावरले.

येथे कोणी म्हणेल, आता हा खटाटोप कशाला? १९९३ पासून चालत आलेल्या वाइन प्रकल्पाच्या पायावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले, आणि विंडोजचे हजारो खेळ न बदलता लिनक्सवर चालू लागले. ही सोय खरी आहे, प्रोटॉन स्वतः खुलेही आहे. लिनक्सवर खेळणारे थोडे असताना एकट्या कारागिराने हा मार्ग धरला, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु या मार्गाने खेळ विंडोजचाच राहतो. लिनक्स त्याचा अनुवादक ठरतो. शिवाय दुकानही व्हॉल्व्हचेच, आणि विक्रीतील त्याचा सर्वसाधारण वाटा ३० टक्क्यांचा, हेही विसरू नये.

याच्या उलट बाजूचाही भ्रम नको. युनिटी या इंजिनात घडविलेले खेळ २०१२ पासून लिनक्सवर प्रकाशित करता येत होते. तरीही १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने, ठरावीक मर्यादेपलीकडे, खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षांचे काम हाती असलेल्यांना हा घाव होता. संतापाची लाट उठली, अटी सौम्य झाल्या, आणि २०२४ मध्ये शुल्क मागे घेण्यात आले. निष्कर्ष असा की, खेळ कोणत्या प्रणालीवर चालतो याने स्वातंत्र्य ठरत नाही. अवजाराचा परवाना कोणाच्या हाती आहे, याने ठरते.

त्याच सप्टेंबरात 'टेरारिया'च्या कर्त्या री-लॉजिक कंपनीने एफएनएला व गोडो या मुक्त इंजिनाला प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. गोडोचा उगम अर्जेंटिनात. २०१४ पासून ते खुले आहे, आणि लिनक्सवर बसूनच त्यात खेळ घडविता येतो. या देणगीत मला उपकारापेक्षा हिशेब दिसतो. मुक्त साधन आकाशातून पडत नाही. त्यामागे मूठभर माणसांच्या रात्री असतात, आणि त्यांचे पोट भरले नाही तर तेही एक दिवस बंद पडते.

म्हणून आपल्यातील जो तरुण या कामाला हात घालील, त्याला माझे सांगणे एवढेच. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी परवाना वाचा. खेळ पहिल्या दिवसापासून लिनक्सवरही चालवून पाहा. शेवटी केलेले स्थलांतर महाग पडते. फाइलींची नावे एकाच शिस्तीने ठेवा, बंदिस्त स्वरूपे टाळा. आणि ज्या मुक्त अवजारावर पोट चालेल, त्याच्या दुरुस्तीत पैशाने वा श्रमाने आपला वाटा उचला. अवजार सर्वांचे आहे, याचा अर्थ ते कोणाचेच नाही असा होऊ देऊ नका.